भाचा म्हणतो लिनक्स, भाऊ म्हणतो राहू दे

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखानदारांचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आटोपशीर करून देतो. त्यातलं लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी, फुकट मिळणारी प्रणाली. आयआयएस आणि अपाचे हे वेबसर्व्हर, म्हणजे मागेल त्याला वेबसाइटची पानं पोचवणारे प्रोग्राम. पहिला मायक्रोसॉफ्टचा, दुसऱ्याचा कोड सगळ्यांना खुला.

"आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना. ऑफिसात पाच कॉम्प्युटर, त्यातला एक सर्व्हर. २०१४ साली एका प्रोग्रामरकडून वेबसाइट करून घेतली. त्यावर रोजचे दर लागतात, घाऊक गिऱ्हाईक लॉगिन करून ऑर्डर टाकतं. सोलणी करणाऱ्या बायकांच्या किलोवारी मजुरीचा हिशोबही त्याच मशीनवर. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आणि आयआयएस आहे. मशीन बघणारा म्हणतो, हे विंडोज आता बंद झालं, नवीन लायसन्स आणि नवीन मशीन घ्या. आकडा ऐकून पोटात गोळा आला. भाचा कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, मामा, लिनक्स टाकू, अपाचे टाकू, एक पैसा लागणार नाही. धाकटा भाऊ म्हणतो, चाललंय ते चालू दे. ज्याचा कोड सगळ्या जगाला उघडा, त्यावर धंदा ठेवायचा का? आणि बिघडलं तर धरायचं कोणाला?"

नमस्कार.

तुमच्या घरात तीन मतं आहेत आणि तिन्ही थोडीथोडी बरोबर आहेत. भांडण मात्र चुकीच्या बांधावरून चाललंय. त्याकडे वळण्याआधी एक काम आजच करा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

वेबसाइट ऑफिसातल्या मशीनवर आहे, म्हणजे तुमच्या राऊटरमध्ये बाहेरून येणारी वाट त्या मशीनकडे वळवलेली असणार. पोर्ट म्हणजे मशीनची क्रमांक घातलेली दारं. त्यातले ८० आणि ४४३ वेबसाइटसाठी लागतात, ते ठीक. पण प्रोग्रामरला लांबून काम करता यावं म्हणून त्याच वेळी कोणीतरी ३३८९ हा पोर्टही उघडून ठेवलेला असतो. तो रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून मशीन चालवण्याचा. दहातल्या चार ऑफिसांत मला तो उघडा सापडतो आणि मालकाला पत्ता नसतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोर सगळ्यात आधी याच दाराची कडी हलवून बघतात. मशीन बघणाऱ्याला बोलवा, राऊटरचं पान उघडायला लावा, ३३८९ दिसला तर तुमच्यासमोर बंद करून घ्या.

आता धाकट्या भावाचं. "चाललंय ते चालू दे" हे एरवी मी स्वतःच लोकांना सांगतो. निम्म्या ऑफिसांची वाट नसती सुधारणा करूनच लागते. पण विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांची सुरक्षा अपडेटं १० ऑक्टोबर २०२३ ला थांबली. त्यापुढे पैसे मोजून वाढीव मुदत मिळते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कोणी येणार नाही. असं मशीन आतल्या खोलीत एकटं पडून राहिलं तर एक वेळ चालेल, पण चोवीस तास इंटरनेटला तोंड देऊन बसलेलं चालणार नाही. तुमचं नेमकं तसं बसलंय. त्यामुळे भावाला एवढंच सांगा की बदल करायचा, हे ठरलं. कशात करायचा तेवढं राहिलंय.

उघड्या कोडची भीती मला समजते. कारखान्याचा नकाशा नाक्यावर लावल्यासारखं वाटतं. पण गेल्या पंचवीस वर्षांतल्या दोन गोष्टी सांगतो. २००१ च्या जुलैमध्ये 'कोड रेड' नावाचा, मशीनामशीनांत आपोआप पसरणारा किडा सुटला आणि चौदा तासांत साडेतीन लाखांहून जास्त मशीनांत शिरला. तो शिरला आयआयएसमधून, म्हणजे ज्याचा कोड बंद पेटीत होता त्यातून. त्या भोकाचं ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिलं होतं, लोकांनी लावलं नव्हतं. दुसरी गोष्ट २०१४ च्या एप्रिलमधली, 'हार्टब्लीड'. ही चूक ओपनएसएसएल या, वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, सगळ्या जगाला उघड्या असलेल्या कोडमध्ये, आणि तरी दोन वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. तेव्हा उघडं म्हणून धोक्याचं हेही खरं नाही, आणि भाचा म्हणत असेल की हजार डोळे बघतात म्हणून सुरक्षित, तर तेही पुरतं खरं नाही. दोन्हीकडे वाचले ते वेळेवर ठिगळ लावणारे. तुमच्या ऑफिसात ठिगळ कोण लावणार, ते ठरवा.

अपाचे काही काल-परवाचं पोरखेळाचं काम नाही, हेही भावाला सांगा. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत एक वेबसर्व्हर बनला होता. तो लिहिणारा सोडून गेल्यावर वापरणाऱ्यांनीच आपापली ठिगळं एकत्र केली आणि १९९५ मध्ये त्यातून अपाचे उभं राहिलं. वर्षभरात ते जगात सगळ्यात जास्त वापरलं जाऊ लागलं. दुसरं नाव भाच्याकडून ऐकाल ते इंजिनएक्स. इगोर सिसोएव्ह या रशियन माणसाने ते २००४ मध्ये खुलं केलं, एका वेळी हजारो जोडण्या कमी मेमरीत सांभाळण्यासाठी. आज आयआयएसपेक्षा कितीतरी जास्त वेबसाइटी या दोघांवर चालतात. तुमच्याकडे सकाळी दर लागल्यावर तीस-चाळीस गिऱ्हाईकं एकदम येत असतील. तेवढ्याला दोन्हीपैकी काहीही पुरून उरेल. भाच्याला जे जास्त येतं ते घ्या, आणि यावर जेवणाच्या ताटावर वाद घालू नका.

'एक पैसा लागणार नाही' हे मात्र मी भाच्याला बोलू देणार नाही. तुम्ही वेंगुर्ल्याचे, तुम्हाला कलमाचं उदाहरण पटेल. फळ संशोधन केंद्राने काजूची वेंगुर्ला-४ जात काढली, वेंगुर्ला-७ काढली. शेजाऱ्याच्या बागेत चांगलं झाड असेल तर तो काडी देतो, तिचे पैसे घेत नाही. पण खालचं रोप तुमचं, कलम बांधणाऱ्याची मजुरी तुमची, पहिली दोन वर्षं पाणी तुम्ही घालायचं आणि गुरं आत शिरली तर ओरडायचं तुम्हीच. अपाचेचं अगदी तसंच आहे. पाच मशीनांवर टाका नाहीतर पन्नासांवर, लायसन्सचा पैसा लागत नाही. त्याच्या परवान्यात मात्र स्वच्छ लिहिलंय की आहे तसं देतो, हमी नाही. तुम्ही विचारलंत, धरायचं कोणाला. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करारही एकदा वाचून बघा. तुमची दिवाळीची ऑर्डर बुडाली तर भरपाई देईन असं त्यातही कोणी लिहीत नाही. दोन्हीकडे धरायला सापडतो तो गावातला माणूसच.

आता भाच्याने ज्याचा विचार केलेला दिसत नाही ती गोष्ट. वेबसर्व्हर म्हणजे नुसतं दार. दाराच्या आत तुमच्या प्रोग्रामरने २०१४ साली काय बांधलंय, यावर सगळं अवलंबून आहे. ते बघायला इंजिनिअर लागत नाही. सर्व्हरवर बसा, सी ड्राइव्ह उघडा, त्यात 'इनेटपब' नावाचं फोल्डर असेल, त्याच्या आत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट'. फाइलींच्या नावांच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचा. शेवटची अक्षरं दिसत नसतील तर वरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती दाखवायला सांगा.

डॉट पीएचपी असेल तर नशीबवान आहात. ते लिनक्सवर जवळजवळ तसंच उचलून नेता येतं, चार-आठ दिवसांचं काम. डॉट एएसपी असेल तर ती मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत. ती अपाचेवर चालत नाही, सगळं नव्याने लिहावं लागेल. आणि मला वाटतं तुमच्याकडे त्याच्या पुढची पद्धत, डॉट एएसपीएक्स, निघेल, कारण तेव्हा आपल्याकडचे बरेच प्रोग्रामर त्यातच काम करायचे. ती ज्यावर चालते ते मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट २०१६ पासून लिनक्सवर चालतं हे भाचा सांगेल आणि ते बरोबरही आहे, पण ती नवी आवृत्ती. वेब फॉर्म्स नावाची जुनी पद्धत, जी तुमच्याकडे असण्याची शक्यता जास्त, तिच्यात आलीच नाही. जुनं डॉटनेट लिनक्सवर चालवू बघणारी मोनो नावाची एक आडवाट आहे. त्या वाटेने जाऊ नका, रानात चुकाल.

म्हणजे खर्च लायसन्सचा नसून पुन्हा लिहिण्याचा आहे, आणि इथे मी मशीन बघणाऱ्याचीही बाजू घेतो. तो तुम्हाला लुटतोच आहे असं समजू नका. नव्या विंडोज सर्व्हरवर जुना एएसपी आणि एएसपीएक्स अजून चालतो, आणि विंडोज सर्व्हर २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. दीडशे पानांचा गुंतागुंतीचा प्रोग्राम असता तर मी तुम्हाला म्हटलं असतं, मुकाट्याने लायसन्स घ्या, लिहून घेण्यापेक्षा स्वस्त पडेल. तुमचं तसं नाही. दर दाखवणं, लॉगिन, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी, तुकडा या काजूच्या प्रतींचे नग टाकायचा एक तक्ता आणि ऑर्डर पाठवल्याची पोच. हे नव्याने लिहायला फार मोठं काम नाही.

एक तिसरी सूचना कोणीतरी करेलच, म्हणून आधीच सांगतो. अपाचे विंडोजवरही चालतं, तेव्हा आहे त्याच मशीनवर आयआयएस काढून ते टाका. नको. खालचं विंडोजच जुनं झालंय. कौलं फुटलेली असताना दाराला रंग लावण्यातला प्रकार. आणि कोणी एक्सॅम्प, म्हणजे अपाचे आणि त्याचं सामान एकत्र बसवणारी पुडी, टाकून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. ते शिकायला, घरी प्रयोग करायला आहे, हे बनवणारेच सांगतात. तरी रत्नागिरीपासून बांद्यापर्यंत कितीतरी दुकानांत ते खऱ्या धंद्याला जुंपलेलं मी बघितलंय.

माझं मत असं आहे. तुमच्या एका मशीनवर दोन संसार आहेत, ते वेगळे करा.

वेबसाइट आणि ऑर्डरी ऑफिसातून बाहेर काढा. लहानसं लिनक्स मशीन डेटा सेंटरमध्ये भाड्याने मिळतं, महिन्याला हजाराच्या आतबाहेर. त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), अपाचे नाहीतर इंजिनएक्स, आणि नव्याने लिहिलेली साइट. हे मी फॅशन म्हणून सांगत नाही. किनाऱ्यावर राहतो आपण. खाऱ्या हवेत मदरबोर्डाच्या कडा हिरव्या पडतात. दर पावसाळ्यानंतर मी रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासतो आणि निम्मी मेलेली मशीनं तेवढ्यावर उठून बसतात. लाइटीचं तर बोलायलाच नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं तेव्हा कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. तेव्हा मुंबईच्या गिऱ्हाइकाला तुमची साइट मेलेली दिसत असेल, तर त्यात आयआयएसचा दोष नव्हता आणि अपाचे असतं तरी वेगळं घडलं नसतं.

मजुरीचा हिशोब मात्र ऑफिसातच राहू दे. तूर्त जुन्याच मशीनवर ठेवा. राऊटरमधून बाहेरची वाट तोडा, त्या मशीनवरून मेल आणि ब्राऊझर पूर्ण बंद, रोज संध्याकाळी नक्कल पेन ड्राइव्हवर आणि पेन ड्राइव्ह मशीनला लावून न ठेवता घरी. वर्षभरात तोही नव्याने लिहून घ्या. टॅली विंडोजवरच चालतं. जीएसटीचं काम आणि सहीची टोकनं तुमच्या अकाउंटंटच्या हाताखाली बसलेली आहेत, तिकडे कोणीही हात लावायचा नाही. भाच्याचा उत्साह उतू गेला तरी नाही.

नेताना दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी स्वतः पडलोय. तारकर्लीच्या एका घरगुती निवासाची साइट मी विंडोजवरून लिनक्सवर नेली. रात्री अकराला सगळं उघडून बघितलं, पहिलं पान झकास, झोपलो. सकाळी सातला मालकांचा फोन, "अहो, फोटो खंय गेले सगळे?" आतल्या पानांवर एकही फोटो नाही, नुसत्या रिकाम्या चौकटी. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींच्या नावात जेपीजी कॅपिटल अक्षरांत होतं आणि पानात मी ते स्मॉल अक्षरांत लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही एकच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं, त्यामुळे त्याने सरळ सांगितलं की अशी फाइलच नाही. मे महिन्यातला शनिवार होता. तुमच्या साइटवर दराच्या पीडीएफ असतील तर हे आधी तपासायला लावा.

दुसरा खड्डा मराठीचा. सोलणीवाल्या बायकांची नावं २०१४ मध्ये कोणत्या फॉन्टात टाइप केली होती ते बघा. जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं नाव आत रोमन चिन्हांचंच असतं, फॉन्टाचा मुखवटा चढवला की मराठी दिसतं. मुखवटा नसलेल्या मशीनवर सुनंदाच्या जागी डॉलर, कंस आणि स्वल्पविराम उभे राहतात. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हटकून चुकतात. यादी छापून ज्यांची नावं आहेत त्यांनाच वाचायला द्या. एका कारखान्यात मी ते केलं नाही आणि दोन बायकांचे हिशोब एकमेकींच्या नावावर गेले. त्या पगाराच्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे छापता येणार नाही.

भाच्याबद्दल. पोरगा हुशार असेल, त्याला करू द्या. पण दोन वर्षांनी तो पुण्यात नाहीतर बंगळुरात असेल आणि गणपतीत मखर बांधताना त्याला कोणी सर्व्हरला हात लावायला सांगणार नाही. त्याच्याकडून शंभर पानी वही लिहून घ्या. मशीन कोणाकडून भाड्याने घेतलं, कोणत्या तारखेला पैसे भरायचे, काय काय बसवलं, कोणत्या फाइलीत काय बदललं, पासवर्ड कुठे आहेत. मोबाइलमध्ये नको, कागदावर, तिजोरीत. मग तुमच्या मशीन बघणाऱ्याला बोलवा, त्याच्या हातात वही आणि बॅकअप द्या आणि भाच्याला खोलीबाहेर बसवा. नुसत्या वहीवरून त्याने रिकाम्या मशीनवर साइट उभी केली तर तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, धरायला माणूस आहे. नाही जमलं तर वही अपुरी आहे, पुन्हा लिहायची. बॅकअप घेतो असं सांगणारे शंभर भेटतात, बॅकअपवरून परत उभं करून बघितलेला एखादाच.

डेबियनच का म्हणालो तेही सांगतो. त्याच्या एका आवृत्तीला जवळपास पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात आणि ती आपोआप बसवायची सोय करता येते. सेंटओएस ८ या दुसऱ्या एका लिनक्सवर लोकांनी २०२९ पर्यंतच्या भरवशावर मशीनं उभी केली होती. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं की पुढच्या डिसेंबरात बंद. फुकटच्या मांडवातही मांडववाला मध्येच कनाती गुंडाळतो, तेव्हा मांडव कोणाचा आहे ते बघून बसावं. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून फुकट मिळतं. पण त्याची मुदत महिन्यांतली असते आणि नूतनीकरण आपोआप होईल असं लावून द्यावं लागतं. ते लावलंय याची नोंद वहीत हवी.

वेळ कुठली धरायची? मार्च ते मे बी यायची धांदल, श्रावणापासून दिवाळीपर्यंत मागणी. उरतात जून आणि जुलै. पण मिरग लागला की तुमच्याकडे लाइट किती वेळ असते ते मी सांगायला नको. म्हणून नवं मशीन पहिल्या दिवसापासून भाड्याच्या जागेतच बांधा, भाचा कोल्हापुरात बसून करेल. महिनाभर दोन्ही साइटी सोबत चालू द्या. चार विश्वासातल्या गिऱ्हाइकांना नव्यावर ऑर्डर टाकायला सांगा. जमलं की एखाद्या रविवारी पत्ता नव्या मशीनकडे वळवा. जुन्या मशीनची डिस्क दिवाळीपर्यंत पुसू नका.

पत्ता वळवण्यावरून आठवलं. तुमच्या साइटचं नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे? तुमच्या की त्या प्रोग्रामरच्या? सातबारा दुसऱ्याच्या नावावर असावा तशी ही गोष्ट निघते, आणि निघते नेमकी हलवायच्या दिवशी. प्रोग्रामर फोन उचलत असेल तोवर, गोडीत, ते कारखान्याच्या नावावर आणि तुमच्या मेलवर करून घ्या. नावासोबत साइटचा मूळ कोडही मागा. तुम्ही पैसे दिलेत म्हणून तो तुमच्याकडे आहेच असं नाही. सर्व्हरवर कधीकधी नुसती बांधलेली पुडी असते, आतलं लिहिलेलं प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवर राहतं.

इनेटपब उघडून बघितलंत की ती शेवटची अक्षरं आणि फाइली किती आहेत ते मला कळवा. डॉट एएसपीएक्स निघालं आणि पन्नासच्या वर फाइली असल्या, तर भाच्याला शब्द देण्याआधी कळवा. मग जून-जुलै पुरणार नाही, आणि यंदाचा हंगाम जुन्यावरच कसा निभावायचा ते ठरवावं लागेल.